नित्य आटलं, काम्य फुगलं

(बडोद्यात मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ‘आता धर्म म्हणून काही राहिला नाही’ हे वाक्य आपण बहुधा देवळाबाहेर गाडी लावायला जागा शोधताना बोलतो. नवरात्रात पावागडच्या पायऱ्यांवर मुंगीला शिरायला वाव नसतो. २०२५ साली प्रयागराजच्या महाकुंभात ४५ दिवसांत ६६ कोटींहून जास्त लोकांनी स्नान केलं, असा उत्तर प्रदेश सरकारचा आकडा आहे. त्यातले निम्मे वजा करा, हवं तर पाऊण वजा करा. उरलेली गर्दीसुद्धा धर्म बुडाल्याची खूण म्हणता येणार नाही.

तरीही तक्रार खोटी नाही. काहीतरी गेलंय, पण काय गेलं ते नेमकं सांगता येत नाही. मग ‘मूल्यं गेली’ असं मोघम बोलून आपण चहा घेतो. गंमत म्हणजे जुन्या ग्रंथांत ‘मूल्य’ म्हणजे किंमत, बाजारातली. आपण ज्याला मूल्यं म्हणतो त्याला तिथे सामान्य धर्म म्हणतात: अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच, इंद्रियनिग्रह. ही पाच मनुस्मृतीत चारही वर्णांना सारखीच सांगितली आहेत. त्यांचा हिशेब ज्यानं त्यानं आपल्यापाशी करावा. मी आज कर्माबद्दल बोलणार आहे, कारण तिथे काय गेलं हे बोटावर मोजून दाखवता येतं.

शास्त्रानं कर्माचे तीन भाग केले. नित्य, नैमित्तिक आणि काम्य. नित्य रोज करायचं. केल्याचं वेगळं फळ नाही, न केल्यास मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष. नैमित्तिक निमित्तानं येतं: जन्म, मृत्यू, ग्रहण, श्राद्धतिथी. काम्य म्हणजे काहीतरी हवं म्हणून केलेलं. आता आपल्या घरातला गेल्या वर्षभराचा खर्च या तीन रकान्यांत मांडून बघा. वास्तुशांत, सत्यनारायण, नवग्रह होम, मुलाच्या व्हिसासाठी अभिषेक, सगळं तिसऱ्या रकान्यात. दुसऱ्यात श्राद्ध, तेही ‘यंदा अनाथाश्रमात पैसे दिले’ असं उरकलेलं. पहिला रकाना कोरा. माझ्या मते ऱ्हास झाला असेल तर तो या कोऱ्या रकान्यात झाला. आणि तो तरुणांनी कोरा केलेला नाही. आज जे सत्तरीत आहेत त्यांनी पहिल्यांदा त्यावर पाणी सोडलं, अर्थात संकल्प न म्हणता.

एक साधी गोष्ट घ्या, चित्राहुती. ताट वाढलं की ताटाभोवती पाणी फिरवायचं, ते परिषेचन. मग ताटाच्या उजवीकडे भाताची चार-पाच शितं मांडायची: चित्राय, चित्रगुप्ताय, यमाय, सर्वेभ्यो भूतेभ्यः. आचमन करून पाच लहान घास, प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाच वायूंच्या नावानं, आणि मग जेवण. सगळं मिळून एक मिनिट. पाट होता, जमीन शेणानं सारवलेली किंवा शहाबादी फरशीची होती, तोवर हे सहज चालायचं. जेवणानंतर शेणगोळा फिरला की शितंही उचलली जायची. मग सनमायकाचं टेबल आलं. टेबलावर पाणी फिरवलं की ते कडेवरून मांडीवर येतं. शितं ठेवली तर पुसणारीचा त्रास वाढतो आणि मुंग्या होतात. कुणी धर्म सोडायचा ठराव केला नाही. फर्निचर बदललं आणि एक नित्यकर्म उठून गेलं. उपाय मात्र अगदी क्षुल्लक आहे. ताटाशेजारी एक छोटी ताटली ठेवा, शितं तिच्यात मांडा, पाणी नुसतं हातानं ताटाभोवती फिरवल्यासारखं करा, आणि जेवणानंतर ताटली गॅलरीत चिमण्यांना ठेवा. भूतांचा, म्हणजे प्राणिमात्रांचा, भाग त्यांना मिळाला.

संध्येचं गणितही असंच. आचमन, प्राणायाम, संकल्प, मार्जन, अघमर्षण, अर्घ्य, गायत्रीजप, उपस्थान. जप १०८ केला तर पाऊण तासाच्या आत, २८ केला तर वीस-बावीस मिनिटं, १० वर आणला तर पंधरा. जपाची संख्या कमी करायची मुभा शास्त्रानंच दिली आहे. वेळ पाळायला मात्र सांगितलंय: सकाळचं अर्घ्य सूर्य उगवण्यापूर्वी. आपल्याकडे उलटं होतं. मुंजीनंतर आठवडाभर १०८, पुढच्या महिन्यात शून्य. दहावर कुणी थांबतच नाही. शिवाय मुंजीत मिळालेलं पुस्तक बहुतेक वेळा भलत्याच वेदशाखेचं असतं. ऋग्वेदी, हिरण्यकेशी, माध्यंदिन यांची संध्या एक नाही. मार्जनाचे आणि उपस्थानाचे मंत्र वेगळे. मुलगा मोबाइलवर एक ऐकतो, आजोबा दुसरंच म्हणतात. दोघांनाही वाटतं समोरचा चुकतोय. प्रत्यक्षात दोघेही बरोबर असतात, पण घरात शाखा कुणी विचारलेलीच नसते.

ज्यांच्या घरी संध्या नव्हती त्यांच्याकडे हरिपाठ होता, एकादशी होती, तुळशीला पाणी होतं, संध्याकाळी भंडारा कपाळाला लागत होता. तिथेही गळती हीच. मांडवीच्या विठ्ठल मंदिरातून देवउठी एकादशीला विठ्ठलनाथांचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो तेव्हा रस्ता भरलेला असतो. एरवी रोज संध्याकाळी घरात बसून हरिपाठ म्हणणारे किती, ते ज्यानं त्यानं मनात मोजावं.

आता संकल्प. संकल्प हा एका परीनं अर्जच आहे: कुठे, केव्हा, कोण, कशासाठी आणि काय करणार. द्वीप, खंड, देश, नदी. मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग गोत्र, नाव, हेतू. शेवटी ‘करिष्ये’ म्हणून उजव्या हातानं पाणी सोडायचं. अर्जावर पत्ता चुकला तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत आजही पुण्याची पोथी किंवा नाशिकचं ध्वनिमुद्रण लावून ‘दण्डकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हटलं जातं. अहो, आपण बसलोय कुठे? उत्तरेला मही, दक्षिणेला नर्मदा, गावातून विश्वामित्री. अस्थी घेऊन आपण नर्मदाकाठी चांदोदला जातो, पैठणला नाही. म्हणून इथे ‘रेवायाः उत्तरे तीरे’. रेवा म्हणजे नर्मदा. गायकवाडांबरोबर आपले पूर्वज अठराव्या शतकात गोदावरी ओलांडून इकडे आले, तेव्हा त्यांच्या पुरोहितांनी हा बदल जाणून केला होता. तीनशे वर्षांनी आपण यूट्यूबच्या कृपेनं पुन्हा गोदावरीकाठी जाऊन बसलो. मंत्राचा अर्थ कळत नसला की असं होतं. चूक ऐकूच येत नाही.

ध्वनिमुद्रणावरच्या पूजेत आणखी एक अडचण आहे. आवाज सांगतो, ‘उजव्या हातात पळीभर पाणी घ्या.’ यजमान ताम्हनाखाली गेलेली पळी शोधतोय. आवाज पुढे ‘अक्षता वाहा’वर पोचलेला. थांबवायचं तर बोटाला हळदकुंकू, पडदा ओल्या बोटाला दाद देत नाही. मग घरातलं पोर मोबाइल धरून बसतं आणि पूजेच्या सोळा उपचारांत थांबव-चालव हा सतरावा होतो. ज्यांना अशीच पूजा करायची आहे त्यांनी एकदा आदल्या दिवशी सगळं ऐकावं आणि सोळा उपचारांचा क्रम कागदावर मोठ्या अक्षरात लिहावा: आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. तो कागद समोर असला की आवाजाची गरजच फारशी उरत नाही. रोजच्यासाठी तर गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य हे पाचच पुरे. पंचोपचाराला सात-आठ मिनिटं लागतात, तीही फुलं आधी निवडलेली नसतील तर.

देवघरात पंचायतन, म्हणजे पाच देवांची एकत्र पूजा, असेल तर मांडणी तपासा. मध्ये विष्णू असेल तर ईशान्येला शंकर, आग्नेयेला गणपती, नैर्ऋत्येला सूर्य, वायव्येला देवी. मध्ये शंकर असेल तर ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती, देवी वायव्येलाच. साफसफाईच्या दिवशी सगळे देव चिंचेनं घासून एका रांगेत लावले जातात, फोटो काढल्यासारखे, आणि पुढे तसेच राहतात.

गणेश चतुर्थीला गुरुजींना नावं ठेवण्याआधी जरा हिशेब करू. पार्थिव गणपतीची पूजा नीट केली, म्हणजे कलश, शंख, घंटा, दीप यांचं पूजन, प्राणप्रतिष्ठा, गर्भाधानादी पंधरा संस्कारांसाठी पंधरा वेळा प्रणव (ॐ), षोडशोपचार, अंगपूजा, एकवीस नावांनी एकवीस पत्री, एकवीस दूर्वा, आरती, तर तास लागतो. सकाळी साडेसहाला सुरुवात केली आणि जायला-यायला पंधरा मिनिटं धरली, तर दुपारी एकपर्यंत पाच घरं होतात. गावात मराठी पूजा सांगणारे मोजके आणि बोलावणी एकाच सकाळची. पंधरा घरं घेतली की वाट्याला सव्वीस मिनिटं, त्यात रावपुऱ्याची वाहतूक. मग पंधरा प्रणव एका श्वासात, अंगपूजा गायब, आणि पत्रीची जुडी ‘नानाविध पत्राणि समर्पयामि’ म्हणून एकदम. आणि ती जुडी तरी कसली? शमी, बेल, माका, बोर, धोत्रा, आघाडा, रुई, अर्जुन अशी नावं पोथीत असतात; बाजारातल्या जुडीत अशोकाची पानं आणि कुंपणावरची मेंदी. विकणाऱ्याला दोष कशाला द्यायचा? घेणाऱ्यालाही आघाडा ओळखता येत नाही. माझं म्हणणं, एकवीस न मिळाल्या तर ओळखीच्या पाच वाहा, उरलेल्यांच्या जागी अक्षता. ‘अलाभे अक्षतान्’ ही सवलत परंपरेतच आहे. आणि गुरुजींना सकाळी सातला चालेल का, हे महिनाभर आधी विचारा. सगळ्यांनाच साडेदहा हवे असतात.

बडोद्याला या विषयात सांगण्यासारखा इतिहास आहे, म्हणूनच हे इथे बोलायला हुरूप येतो. श्रावणमास दक्षिणेसाठी इथे शास्त्री-पंडितांची परीक्षा होत असे. नुसता जन्म पुरेसा नसे. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत १९१५ साली हिंदू पुरोहित कायदा झाला. पौरोहित्य करायचं असेल तर परीक्षा द्या, परवाना घ्या, आणि विधीचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत समजावून सांगा, असा त्याचा रोख होता. त्याच सुमारास संस्कृत महाविद्यालय निघालं, प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. म्हणजे ‘अर्थ न कळता कर्म होतंय’ ही ओरड शंभर वर्षांपूर्वीही होती, आणि एका राजाला तिच्यासाठी कायदा करावासा वाटला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे १९३६ साली, लाहोरसाठी लिहिलेल्या आणि होऊ न दिलेल्या भाषणात, पुरोहितासाठी सरकारी परीक्षा आणि सनद हीच सूचना केली. जोडीला त्यांनी एक अट घातली: हे पद वंशपरंपरेचं नसावं, कुठल्याही हिंदूला ते मिळवता यावं. ती अट आजही आपल्या घशाखाली उतरत नाही. पुण्यात गेली काही दशकं स्त्रिया पौरोहित्य करताहेत, नीट शिकून, अर्थ सांगून. त्यांना बोलावताना आपल्याकडे अजून कुजबुज होते. मला तर धर्म टिकण्याच्या दृष्टीनं अलीकडे घडलेली ही सर्वांत आशेची गोष्ट वाटते.

आणि बडोद्याचं नाव निघालं आहे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘पूर्वी धर्म होता’ म्हणताना पूर्वी म्हणजे केव्हा? १९१७? त्या वर्षी घरोघर संध्या होती, सोवळं होतं, चित्राहुती होत्या. त्याच वर्षी उच्चशिक्षित बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी या गावात आले. त्यांना कुणी खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, आणि ते कमाठीबागेत झाडाखाली येऊन बसले. आज तिथे संकल्पभूमी हे त्यांचं स्मारक आहे. नित्यकर्माचा रकाना भरलेला आणि सामान्य धर्माचा कोरा, असंही असू शकतं, याचा पुरावा आपल्या बागेत उभा आहे. तेव्हा जुन्या काळाचे गोडवे गाताना जरा जपून.

काय टाकावं आणि काय ठेवावं हा प्रश्नही काही नवा नाही. धर्मशास्त्रात कलिवर्ज्य नावाचं प्रकरण आहे. पूर्वी विहित असलेल्या कितीतरी गोष्टी, नियोगासारख्या, कलियुगात करू नयेत असं निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ रचणाऱ्यांनी, सांगून टाकलं. समुद्रप्रवासही त्याच यादीत होता. तो आपण घरटी एक मुलगा परदेशी पाठवून निकालात काढला. टाकणं हा परंपरेचाच भाग आहे. फक्त ते कळून टाकलं पाहिजे, पळी सापडली नाही म्हणून नव्हे.

कुळाचाराबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तिथे अजून वाचवण्यासारखं पुष्कळ आहे. नवरात्रातला घट घ्या. मातीचं सुगड किंवा कच्चं भाजलेलं मडकं का? मातीतून पाणी पाझरतं आणि भोवतीच्या धान्याला नऊ दिवस हळूहळू ओल मिळते. आता तांब्याचा कलश ठेवतात. दिसायला छान, पण पाझर शून्य. मग वरून पाणी शिंपडतात, पहिल्याच दिवशी जास्त होतं, तिसऱ्या दिवशी गव्हाला बुरशी येते आणि घरात ‘यंदा देवी कोपली’ अशी चर्चा. कलश तांब्याचाच असेल तर माती आधी चाळून, मूठ वळेल इतकीच ओली करा, धान्य रात्रभर भिजवून पेरा आणि रोज सकाळी दोन-तीन पळ्याच पाणी द्या. रोप पिवळं आलं तर घाबरू नका. उजेड नसल्यानं येतं, आणि तेच अपेक्षित असतं. अखंड दिव्याचं म्हणाल तर तो तेल संपून क्वचित विझतो. काजळी धरते आणि काढताना विझतो. काजळी काढण्याआधी त्याच ज्योतीवर निरांजन लावून शेजारी ठेवायचं, मग चिमट्यानं वात सारखी करायची. ही युक्ती प्रत्येक आजीला माहीत होती. कुठल्याही पोथीत ती लिहिलेली नाही, म्हणूनच ती पहिल्यांदा हरवते.

खंडोबा असलेल्या घरांत मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत सहा दिवस. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, कांद्याची पात. चातुर्मासात सोडलेलं वांगं-कांदा त्या दिवशी पुन्हा ताटात. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे, भंडारा ठेवून तळी भरायची आणि विषम संख्येनं, बहुधा पाच जणांनी, ती ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत तीनदा उचलायची. अडचण पाचांचीच आहे. घरात दोघं, मुलगी बंगळुरूला. मग तळी ‘यंदा राहू दे’ होते, आणि एकदा राहिलेली तळी परत उचलली जात नाही. शेजारच्या पटेलांना बोलवा. ते आनंदानं येतील आणि येळकोट आपल्यापेक्षा मोठ्यानं म्हणतील.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: ‘कुळाचार आता कुणाला विचारावा?’ घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला विचारा, आणि याच महिन्यात. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर गोत्र, वेद, शाखा, सूत्र, कुलदैवत, देवी, मूळ गाव. मग महिन्यावार एकेक पान: काय होतं, कोणत्या तिथीला, नैवेद्य काय, काय चालत नाही. मापं लिहा, ‘पुरणाचे दिवे पाच की सोळा’ यावरून जावा-जावांत वाद होतात. टाक, म्हणजे देवांचे ठसे उठवलेले धातूचे पत्रे, असतील तर प्रत्येकाचा फोटो चिकटवून नाव लिहा, नाहीतर पुढच्या पिढीला खंडोबाचा टाक कोणता आणि वेताळाचा कोणता ते कळणार नाही.

दुसरी चिठ्ठी: ‘मुलगा टोरांटोला असतो. वडिलांचं श्राद्ध इथल्या कॅलेंडरप्रमाणे करावं की तिथल्या?’ जिथे कर्ता, तिथला सूर्य. पार्वण श्राद्धाला सूर्योदयाची तिथी बघत नाहीत, अपराह्णात असलेली बघतात. दिवसाचे पाच सारखे भाग केले की चौथा तो अपराह्ण. पितृपक्षात बडोद्यात तो साधारण पावणेदोन ते चार येतो. आठवा मुहूर्त, म्हणजे कुतुप, इथे बाराच्या पुढे सहा-सात मिनिटांनी लागतो. तिथून सुरुवात केलेली चालते. ऑफिस आहे म्हणून साडेदहाला पानं वाढतात, ते बसत नाही; त्यापेक्षा अर्ध्या दिवसाची रजा काढावी. टोरांटोत त्या दिवसांत घड्याळाप्रमाणे अपराह्ण अडीचच्या सुमारास सुरू होतो आणि पावणेपाचला संपतो. दोन्हीकडच्या घड्याळांत तेव्हा साडेनऊ तासांचा फरक असतो, त्यामुळे आपल्याकडे बुधवारी असलेली तिथी त्याच्याकडे मंगळवारी येऊ शकते. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढून पाठवू नका. त्याला तिथल्या गावाचं नाव घालून पंचांग बघायला सांगा, आणि संकल्पात रेवा म्हणू नकोस, तिथल्या सरोवराचं नाव घे, म्हणावं. ओंटारियो सरोवर आहे तिथे, चांगलं मोठं आहे.